ग्रुपवर भुताची क्लिप पडली की काय करायचं

क्लिप साधारण अशी असते. दहा-पंधरा सेकंद, काळीपांढरी किंवा हिरवट, कोपऱ्यात तारीख-वेळ, कुणाच्यातरी घरचा जिना किंवा पार्किंग किंवा रिकामा रस्ता, मग काहीतरी पांढरं सरकतं आणि क्लिप संपते. खाली लिहिलेलं असतं "कसारा घाट, काल रात्रीची घटना, हृदय कमजोर असलेल्यांनी बघू नये". पुढच्या दहा मिनिटांत काका लोकांचं "बापरे", आत्याचे जोडलेले हात, कुणीतरी "आमच्या इथे पण असंच झालेलं" आणि एक चुलतभाऊ हमखास "एडिटेड आहे" म्हणतो, पण कसं ते काही सांगत नाही. हे सगळं त्या चुलतभावासाठी लिहितोय.

कारण "एडिटेड आहे" हे बऱ्याचदा चुकीचं असतं, आणि आत्या तिथेच पकडते की काय एडिट केलंय दाखव, आणि मग याची बोलती बंद. बऱ्याच क्लिपांमध्ये कॅमेरा खरा असतो, माणूस खरा असतो, जागाही खरी असते, फक्त कुणीतरी कात्री चालवलेली असते. शेवट कापलेला असतो, नाहीतर सुरुवात, नाहीतर आवाज, नाहीतर कुणी कुठे कधी काढली हे सगळंच. गूढ जे काय आहे ते त्या कापलेल्या तुकड्यात असतं. म्हणून क्लिप आली की त्यात काय दिसतंय याच्या मागे लागायचं नाही, यातून काय कापलंय ते शोधायचं. एवढं एक डोक्यात ठेवलं की बाकी सगळं सोपं आहे, थोडा वेळ जातो इतकंच.

आधी शेवट शोधा. 2013 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतली एक घरगुती क्लिप तुफान फिरलेली, एक मुलगी दाराला टेकून उलटी होऊन नाचतेय, दार उघडतं, ती मेणबत्त्या ठेवलेल्या टेबलावर पडते, पँट पेट घेते, किंकाळी, संपलं. न्यूज चॅनलवाल्यांनी पण दाखवली. मग काही दिवसांनी जिमी किमेल या तिकडच्या विनोदी टीव्ही शोवाल्याने त्याच्या शोमध्ये पूर्ण क्लिप लावली, आणि पूर्ण क्लिपमध्ये पुढे हा माणूस स्वतः आग विझवायचं सिलिंडर घेऊन खोलीत शिरतो. मुलगी स्टंट करणारी होती, सगळं ठरवून. लोकांनी आठवडाभर वाद घातला तो कापलेल्या काही सेकंदांमुळे. एका फ्रेमचंही एडिटिंग नाही!

आता हीच कात्री दुसऱ्या बाजूने बघा, इथे हसायचं काही नाही. कराचीच्या एका संस्थेने लहान मुलं हरवण्याबद्दल जनजागृतीची एक फिल्म केली होती, सीसीटीव्हीसारखी दिसेल अशी. गल्लीत पोरं खेळतायत, मोटरसायकलवर दोघं येतात, एका पोराला उचलून नेतात. आणि शेवटी तेच दोघं परत येऊन पोराला खाली ठेवतात आणि एक बोर्ड दाखवतात की कराचीत मूल पळवायला इतका कमी वेळ लागतो. 2018 ला भारतात ही क्लिप फिरली ती शेवटाशिवाय. बोर्ड गेला, पोराला परत ठेवणं गेलं, उरलं ते पळवणं, आणि त्याला प्रत्येक राज्यात आपापल्या गावाचं नाव चिकटलं. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्या वर्षी सगळीकडे होते, आणि 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने पाच माणसं मारली गेली, मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, पोटासाठी फिरणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. तेव्हा "मुलांना सांभाळा" टाइप क्लिप आणि "घाटातली बाई" टाइप क्लिप या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. भुताच्या क्लिपवर दोन दिवस मजा करा हवं तर. माणसांवर बोट दाखवणारी क्लिप असेल तर शोध लागेपर्यंत ती पुढे पाठवायची नाही, आणि ज्याने पाठवलीय त्याला फोन करायचा, मेसेज नाही.

बरं, शेवट शोधायचा कसा. क्लिप थांबवून तीन-चार स्क्रीनशॉट काढा, वेगवेगळ्या जागचे, आणि त्यात भूत नसलेला एक तरी घ्या, कारण भुताचा स्क्रीनशॉट टाकला की फोटोवरून शोधणारं गुगल लेन्स तुम्हाला पडदे आणि लग्नाचे गाऊन दाखवत बसतं. जिना, गेट, दुकानाची पाटी यांचा स्क्रीनशॉट जास्त कामाचा. लेन्सवर नाही मिळालं तर यांडेक्स या रशियन सर्च इंजिनवर टाका, ते चेहरे आणि जागा ओळखण्यात कधीकधी जास्त तेज निघतं. टिनआय म्हणून अशीच फोटो शोधायची साइट आहे, त्यात सगळ्यात जुनं आधी दाखव असं सांगता येतं, आपल्याला तेच पाहिजे असतं. लॅपटॉप असेल तर इनव्हिड नावाचं ब्राउझरचं एक्स्टेन्शन घ्या, व्हिडिओची लिंक दिली की ते स्वतःच महत्त्वाच्या फ्रेम काढून देतं, फॅक्ट चेकवाले हेच वापरतात. "काल रात्रीची" क्लिप सहा वर्षांपूर्वी ब्राझीलच्या नावाने अपलोड झालेली मिळाली की तिथेच अर्धं काम होतं. आणि मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो मेसेज आधीच भरपूर हातांतून आलाय, म्हणजे "माझ्या मित्राच्या सोसायटीतला आहे" हे वाक्य बाद.

जागा ओळखणं हा माझा सगळ्यात आवडता भाग, कारण त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. घाटातलं भूत बघताना भुताकडे बघूच नका, गाड्या कुठल्या बाजूने चालल्यात ते बघा. आपल्या घाटात गाडी डावीकडून जाते. उजवीकडून जात असेल तर तो आंबोली नाही, ताम्हिणी नाही, कसारा तर नाहीच. नंबर प्लेट लांबट आणि डाव्या टोकाला निळी पट्टी असेल तर बहुतेक युरोप (आपल्या नवीन प्लेटवर पण डावीकडे निळं काहीतरी असतं पण ते बारीक, छापल्यासारखं, पट्टी नाही). घरातली क्लिप असेल तर स्विचबोर्ड बघा. आपल्याकडे सॉकेटला तीन गोल भोकं आणि बाजूला बटण, अमेरिकेत दोन उभ्या चिरा. पंखा आहे का छताला? खिडकीला ग्रिल आहे का? मुंबईपुण्यात तळमजल्याला ग्रिल नसलेली खिडकी हीच भुतापेक्षा मोठी बातमी आहे.

आणि तारीख! कोपऱ्यातली तारीख कुणीच वाचत नाही. 06/15 असं काही असेल तर मधला आकडा महिना असूच शकत नाही, म्हणजे महिना आधी लिहिलाय, म्हणजे कॅमेरा अमेरिकन पद्धतीने लावलेला. आता काही चायनीज डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारे डबे) तसेच येतात आणि बसवणारा सेटिंगला हात लावत नाही, त्यामुळे एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, पण गाडी उजवीकडून, प्लेट वेगळी आणि तारीखही उलटी असं सगळं जमून आलं की मग चहा घ्यायला हरकत नाही.

जागेवरून कोडं कसं सुटतं याचं झकास उदाहरण म्हणजे 2015 ची ती चोचीच्या मास्कवाली क्लिप. नावच विचित्र, इलेव्हन बी एक्स तेरा एकाहत्तर. पडक्या इमारतीत एक माणूस, युरोपात प्लेगच्या काळात डॉक्टर घालायचे तसला चोचीचा मास्क, अंगावर काळा झगा, हातात लुकलुकणारा दिवा, आणि कानाला त्रास देणारी घरघर. तिची डीव्हीडी पोलंडहून पोस्टाने एका टेक ब्लॉगवाल्याकडे आली, त्याने ती नेटवर टाकली आणि जगभरातले रिकामे लोक कामाला लागले. आवाजाचा आलेख काढला तर त्यात चक्क चित्रं आणि मजकूर लपवलेले निघाले, काही चित्रं बघवत नाहीत अशी. दहशतवादी, सीरियल किलर, जैविक हल्ला, सगळं बोलून झालं. आणि जागा कशी सापडली? मागच्या भिंती आणि खिडक्यांची ठेवण जुन्या पडक्या जागांच्या फोटोंशी जुळवून. वॉर्साजवळ ओटवॉक म्हणून गाव आहे, तिथलं झोफिउव्हका नावाचं बंद पडलेलं मनोरुग्णालय. पडक्या इमारतींचे फोटो काढायला जाणाऱ्या लोकांचं ते आवडतं ठिकाण, म्हणून फोटो ढिगाने उपलब्ध. पुढे पार्कर वॉर्नर राइट या नावाने एकजण पुढे आला की हे मी केलंय, कलाकृती आहे, आणि त्याने दुसरा भागही काढला.

तो आवाजाचा आलेख तुम्हीही काढू शकता. ऑडॅसिटी नावाचं आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, क्लिपचा आवाज त्यात उघडायचा, ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्पेक्ट्रोग्राम निवडायचं. घाटातल्या क्लिपमध्ये असं काही सापडणार नाही, पण दुसरी एक गोष्ट बऱ्याचदा दिसते, ती म्हणजे किंकाळी मध्येच एकदम सुरू होते, तिच्या आधी आणि नंतर रातकिडे आहेत आणि किंकाळीच्या वेळी रातकिडे गायब, म्हणजे आवाज वरून चिकटवलाय. यासाठी आलेखही लागत नाही, हेडफोन पुरतो. आणि बऱ्याच घरगुती कॅमेऱ्यांना माइक नसतो किंवा बंद असतो, त्यामुळे सीसीटीव्हीत पार्श्वसंगीतासह हडळ आली की समजून जा.

हडळीवरून एक आठवलं. आपल्याकडच्या भुतांना पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, झोटिंग पडक्या वाड्यात, देवचार कोकण-गोव्यात गावाच्या राखणीला, चकवा माळरानावर फिरवतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, कुणाला नारळ लागतो, कुणाला नुसती विडी पुरते. क्लिपमधल्या भुतांकडे बघा, सगळ्यांचा एकच युनिफॉर्म, पांढरा गाऊन आणि मोकळे केस. हडळीचे उलटे पाय एकाही क्लिपमध्ये धड दिसत नाहीत, कारण खालचा भाग नेमका अंधारात.

आता त्या पांढऱ्या गाऊनचं रहस्य सांगतो आणि हे खरंच भारी आहे. रात्री सीसीटीव्ही साध्या उजेडात बघत नाही, कॅमेऱ्याभोवती जे बारीक दिवे असतात ते इन्फ्रारेड सोडतात, आपल्याला दिसत नाही असा प्रकाश. या प्रकाशात कपड्याचा रंग आपल्याला दिसतो तसा येत नाही. काळं, गडद निळं, मरून असं बरंचसं सिंथेटिक कापड त्यात फिकट, कधीकधी चक्क पांढरं दिसतं. झाडांची पानंही पांढरी दिसतात. म्हणजे समोरच्या काकू रात्री दोन वाजता गडद जांभळा नायलॉनचा गाऊन घालून पाण्याची मोटर बंद करायला उतरल्या की कॅमेऱ्यात पांढरीशुभ्र आकृती जिन्यावरून सरकते. पटत नसेल तर घरच्या कॅमेऱ्यासमोर रात्री दोन-चार काळे कपडे धरून बघा, कुठला पांढरा होतो ते आधी सांगता येत नाही.

आणि त्या प्रकटतात कशा, गायब कशा होतात? कॅमेरा हालचाल झाली की रेकॉर्ड करणाऱ्या सेटिंगवर असतो. हालचाल ओळखून रेकॉर्डिंग सुरू व्हायला क्षणभर जातो, तोवर काकू अर्धा जिना उतरलेल्या असतात, म्हणून त्या "हवेतून" येतात. शिवाय जागा वाचवायला सेकंदाला फ्रेमही कमी ठेवलेल्या असतात. अंधारात प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उजेड गोळा करते, त्या वेळात माणूस हलला की तो अर्धपारदर्शक येतो, मागची भिंत त्याच्यातून दिसते. त्यावर व्हिडिओ दाबून छोटा करताना मशीन फक्त बदललेला भाग नीट साठवतं, बाकी मागच्या फ्रेमवरून ढकलतं, त्यामुळे माणूस गेल्यावरही त्याची पुसट सावली जागेवर राहते. हे सगळं एकत्र आलं की मीसुद्धा बापरे म्हणेन.

चमकणारे गोळे दिसले तर धूळ, पावसाचे थेंब किंवा किडे. लेन्सच्या अगदी जवळून गेले की फोकसच्या बाहेर, आणि शेजारचेच इन्फ्रारेड दिवे त्यांच्यावर पडतात, म्हणून मोठे, गोल, चमकदार. 2007 च्या जूनमध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात सांता फेच्या कोर्टाबाहेरच्या कॅमेऱ्यात असाच एक पांढुरका गोळा पार्किंगमधून तरंगत गेला, "कोर्टाचं भूत" म्हणून टीव्हीवर गाजला. बेंजामिन रॅडफोर्ड नावाचा तपास करणारा माणूस तिथे गेला आणि त्याने काय करावं, तर लेडीबग किडे नेऊन त्याच कॅमेऱ्यावर सोडले. कॅमेरा तोच, जागा तीच, आणि स्क्रीनवर हुबेहूब तसाच गोळा. मला हा माणूस फार आवडतो. बाकीचे आत्मा की प्रकाशाचं परावर्तन यावर भांडत होते आणि हा किडे घेऊन कॅमेऱ्यापाशी.

घरी करायचं असेल तर किडे नकोत, टाल्कम पावडर घ्या. रात्री लाइट बंद, कॅमेरा नाइट मोडवर, लेन्सच्या जरा बाजूला डबा हलकेच झटका. अर्ध्या मिनिटात घर पवित्र आत्म्यांनी भरून जातं. (आईला आधी सांगा, फरशी पुसावी लागते.)

जुन्या टेपच्या नावाने येणाऱ्या क्लिपांना वेगळं तपासायचं. "1994 सालची व्हीएचएस, आजोबांच्या कपाटात सापडली" असं असेल तर चित्राचा आकार बघा, तेव्हाचं घरगुती चित्र चारास तीनचं, चौकोनाकडे झुकणारं. फोनसारखं रुंद असेल तर एकतर कापलंय किंवा आजोबा काळाच्या पुढे होते. भारतात पॅल पद्धत चालायची, सेकंदाला पंचवीस फ्रेम, अमेरिकेत जवळजवळ तीस. आणि व्हीएचएसचा खराबपणा अ‍ॅपवाल्या फिल्टरमध्ये फार सुबक येतो, त्याच त्या रेघा ठरलेल्या वेळाने वरून खाली. खऱ्या टेपचा वळवळता पट्टा बहुतेक वेळा चित्राच्या अगदी तळाशी असतो आणि जोरात हललेल्या वस्तूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या फाटतात. फिल्टर बनवणारे हे विसरतात.

जुन्याच फिल्मवरून चॅप्लिनची गोष्ट घ्या. 2010 मध्ये बेलफास्टच्या जॉर्ज क्लार्कने दाखवलं की चॅप्लिनच्या 'द सर्कस'च्या 1928 च्या प्रीमियरच्या चित्रणात एक बाई कानाला काहीतरी लावून बोलत चाललीय, म्हणजे मोबाइल, म्हणजे टाइम ट्रॅव्हलर. लाखो लोकांनी बघितलं. साधं उत्तर असं की तेव्हा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी हातात धरायची श्रवणयंत्रं मिळत होती. पण त्याहून साधा प्रश्न कुणाच्याही आजीने विचारला असता, मोबाइल असू दे, टॉवर कुठला? आणि पलीकडून उचलला कुणी?

अपलोड कुणी केलं हे बघणं लोक विसरतातच. बाहुलीसारखी एक यंत्र-बाई गाणं म्हणते अशी एक क्लिप यूट्यूबवर 2009 पासून गाजतेय, नाव टारा. रिकामी खोली, तिचे कपडे बदलत राहतात, आवाज मशीनचा, आणि मध्येच कॅमेरा घरामागच्या जमिनीवर जातो, पानं, माती. झालं, लोकांनी ठरवलं की बनवणारा खुनी आहे, बायकांना मारून तिथे पुरलंय आणि त्यांचे कपडे हिला घालतो. प्रत्यक्षात जॉन बर्जेरॉन नावाच्या माणसाचा तो गाणाऱ्या यंत्रमानवाचा प्रयोग होता, तो स्वतःच त्याच्या डीव्हीडी विकायचा. यूट्यूबवर ज्याने गाजवली तो वेगळाच होता, वर अंगावर काटा आणणारं वर्णन जोडून. कात्री इथे क्लिपवर नाही चालली, माणसाच्या नावावर चालली, आणि त्याच्यावर खुनाचा संशय कायमचा.

याच्या उलट गंमत वेबड्रायव्हर टोर्सोची. 2013 पासून यूट्यूबवरच्या या अकाउंटवर अकरा-अकरा सेकंदांचे व्हिडिओ, लाल आणि निळे चौकोन आणि टूं टूं, बस, दुसरं काही नाही, आणि असे हजारो. हेरांचे संदेश, परग्रहवासी, सगळे तर्क झाले. 2014 ला गुगलने सांगितलं की आमचंच आहे, यूट्यूबवर अपलोड नीट होतंय का ते तपासायचं टेस्टिंग. कुणा इंजिनिअरच्या ऑफिसातलं रोजचं काम लोकांनी परग्रहापर्यंत नेलं. अकाउंटचं नाव जरी नीट गुगल केलं असतं तरी वेबड्रायव्हर हे सॉफ्टवेअर टेस्टिंगचं हत्यार आहे हे कळलं असतं, आणि आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत एक तरी टेस्टर राहतो, त्याला विचारायचं होतं.

खरोखर बनवलेल्या क्लिपांबद्दल थोडक्यात. 2012 च्या डिसेंबरमध्ये गरुड बागेतून पोराला उचलतो ती क्लिप माँट्रियलच्या ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी केलेली, गरुड आणि पोरगं दोन्ही कॉम्प्युटरचं, संस्थेने लगेच सांगूनही टाकलं. काही फ्रेमना गरुडाची सावलीच नाही हे लोकांनी पकडलं होतं. असं पकडायला यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबा, एकेक फ्रेम मागेपुढे होते, व्हीएलसी प्लेअरमध्ये पुढच्या फ्रेमसाठी ई दाबा. 2025 च्या जुलैमध्ये घरामागच्या कॅमेऱ्यात ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारे ससे आले, कोट्यवधी लोकांनी बघितले, तेही एआयचे, नीट बघितलं तर एक ससा उडी मारता मारता हवेतच विरतो. रात्रीचा धूसर सीसीटीव्ही एआयला फार सोयीचा, चुका अंधारात झाकल्या जातात. म्हणून पात्रं मोजायची, सुरुवातीला किती आणि शेवटी किती. क्लिप फारच छोटी आणि कोपऱ्यात कशावर तरी धुरकट ठिपका फासलेला असेल तर तिथे बहुतेक बनवणाऱ्या अ‍ॅपची खूण म्हणजे वॉटरमार्क होता.

हे सगळं करूनही काही क्लिपा सुटत नाहीत, आणि मला विचाराल तर त्याच जपून ठेवाव्यात. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोचा तो रात्रीचा चालणारा बघा. अंगणातल्या कॅमेऱ्यात पांढरे दोन लांब पाय, वर इवलंसं डोकं, हात नाहीत, धड जवळपास नाही, आणि ते सावकाश चालत जातं. आपल्या भाषेत सांगायचं तर इस्त्रीवाल्याकडून एकटाच घरी निघालेला लेंगा. लोकांनी बाहुली आणि दोऱ्यांनी तसं चालवून दाखवलंय, पण मूळ कुणी केलं ते कुणी कबूल करत नाही. आणि कुणी त्याला घाबरतही नाही! त्याची खेळणी निघाली, स्टिकर निघाले, लोक टॅटू काढतात. कुणाचं वाईट केलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, नुसता चालत गेला.

असाच एक तुम्हीही बनवा, सोसायटीच्या कोजागिरीला चांगला टाइमपास होतो. जुना पांढरा लेंगा, आत दोन्ही पायांत पातळ कापडाच्या गुंडाळ्या, खाली थोडं वजन म्हणून मोज्यात मूठभर तांदूळ. गुडघ्यांना आणि कमरेला काळा मासेमारीचा दोरा, वरून दोघांनी धरायचा, एकाने डावा एकाने उजवा. लेंगा अर्ध्या हाताएवढा शिवला तर आणखी चांगलं, बाजूला मापाला काही नको, कुंडी नको चप्पल नको, मग तो माणसाएवढा वाटतो. कॅमेरा लांब आणि किंचित उंच, फोन असेल तर झूम भरपूर करून चित्र फाटू द्या. घाई करायची नाही, पाय जमिनीला टेकल्यावर क्षणभर थांबायचं, घाई केली की लगेच बाहुली वाटते. आणि वर गावाचं नाव, घाटाचं नाव, कुठल्याही बाईचं पोराचं नाव टाकायचं नाही, क्लिपच्या शेवटी दोरे धरलेले दोघं दात काढताना दिसू देत, आणि तो शेवट व्हिडिओच्या आतच, वेगळा पाठवायचा नाही, नाहीतर कुणीतरी कापणारच.

राहिलं ग्रुपवर उत्तर कसं द्यायचं. "एडिटेड आहे" नाही. "कुठल्या जमान्यात राहता" तर अजिबातच नाही, त्याने आत्या दिवाळीपर्यंत बोलणार नाही. आमच्याकडे चालतं ते असं, "आत्या भारी आहे गं क्लिप, पण गाडी बघ उजवीकडून चाललीय, आपला घाट नाही हा", आणि खाली जुनी लिंक. आत्या लिंक उघडत नाही, पण परत क्लिप बघते, गाडी बघते, आणि मग काकांना सांगते की तुम्हाला एवढंही दिसलं नाही का.